रविवारी राज्य नसतं

शाळेच्या पटांगणातून "हॅलो, हॅलो, चेक" असा आवाज यायला लागला की माझा हात आपोआप सेफ्टी पिनांच्या डबीकडे जातो. गॅदरिंग आलं. आमच्या जूचंद्रमध्ये हिवाळा अंगाला फारसा कळत नाही. तो कळतो ड्रेपरीवाल्याच्या टेम्पोवरून, भाड्याच्या नऊवारीला येणाऱ्या डांबरगोळ्यांच्या वासावरून आणि एकाच कोळीगीताचं पहिलं कडवं दिवसभर वाजत राहतं त्यावरून. दुसऱ्या कडव्यापर्यंत सराव कधी पोहोचतच नाही. पहिल्यातच कोणीतरी चुकतं, शिट्टी वाजते आणि पुन्हा पहिल्यापासून.

माझं पार्लर घराच्या पुढच्या खोलीत आहे. एरवी आयब्रो, फेशियल आणि नवऱ्यामुली. पण डिसेंबरात माझ्या खुर्चीत पाय न टेकणारी गिऱ्हाइकं येतात. खुर्चीवर पाट ठेवायचा, त्यावर मुलीला बसवायचं, आंबाडा घट्ट बांधायचा, गजरा खोचायचा. शेजारी आई उभीच असते. तिचं एकच पालुपद, "अजून थोडं गोरं करा ना हिला." आता कोळीण कशाला गोरी हवी, हे मी आजवर कोणाला विचारलेलं नाही. धंदा आहे, तोंड सांभाळावं लागतं.

हे सगळं मी हसतखेळत करते. तरी दरवर्षी त्या माइकचा पहिला आवाज आला की एक जुनी गोष्ट आठवते. ती माझ्या लेकीच्या, जुईच्या, तिसरीच्या हिवाळ्यातली आहे.

जुई चालायला शिकलीच नाही. ती थेट धावायलाच शिकली. जेवताना एक घास इथे, दुसरा घास अंगणात, तिसरा शेजारच्यांच्या पायरीवर. बोलताना तिचं वाक्य पूर्ण होण्याआधी पुढचं वाक्य त्याच्या पाठीवर चढलेलं असायचं. मुलांच्या डॉक्टरांनी शांतपणे समजावून सांगितलं की याला अतिचंचलता म्हणतात, हा खोडकरपणा नाही आणि यात कुणाची चूकही नाही. मी तो शब्द घरी घेऊन आले, तर आळीतल्या बायका म्हणाल्या, "चंचल ना? मग काय झालं, लक्ष्मीसुद्धा चंचलच असते." लक्ष्मीला मात्र कोणी पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसवत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

सासूबाईंना शब्दबिब्द नको होता. त्या वाल सोलता सोलता एवढंच म्हणाल्या, "गो बाय, पानी हाय ती पोर. पान्याला एका जाग्यावर बस सांगलंस तं बसंल का?" घरात तिला समजून घेणारं एक माणूस आहे, याचा मला त्या दिवशी फार आधार वाटला.

गावाचं तसं नव्हतं. आमचं गाव रांगोळीचं. इथे दिवाळीत माणसं तासन्‌तास ओणवी बसून जमिनीवर चेहरे काढतात, डोळ्यांतलं पाणीसुद्धा रंगाच्या चिमटीने दाखवतात. अशा गावात धावणारं मूल म्हणजे काय, ते तुम्हीच समजा. त्या वर्षीच्या दिवाळीत जुई फुलबाजी घेऊन धावत सुटली ती समोरच्या अंगणात रेखलेल्या आजीबाईंच्या चेहऱ्यावरून थेट पलीकडे. कपाळावर एक आणि गालावर एक, अशी इवली पावलं उमटली. ज्यांनी ती रांगोळी काढली होती ते बिचारे काही बोलले नाहीत. बघायला जमलेल्या बाया बोलल्या, "आईने वळण लावायला नको?" मी रंगाने माखलेली ती पावलं नळाखाली धूत बसले, आणि जुई विचारत राहिली की आजींना लागलं का.

या सगळ्यात माझा एकच भरवसा होता, नीलिमा. नीलिमा माझी बालमैत्रीण, एका बाकावर बसून आम्ही दहावी केली. एकाच चिंचेखाली लपाछपी खेळलो. ती शिक्षिका झाली, मी पार्लर काढलं, आणि योगायोगाने ती आमच्या गावच्या शाळेत तिसरीच्या वर्गावर आली. जुईला तिच्याच वर्गात घाला म्हणून मी मुख्याध्यापकांच्या दारात ठाण मांडून बसले होते. परक्या बाईंच्या हाती माझं पाणी कशाला द्यायचं? आपल्या माणसाच्या ओंजळीत असलेलं बरं.

नीलिमाने आपल्या परीने सगळं केलं, हे मी आजही नाकारत नाही. जुईला पहिल्या बाकावर घेतलं. खडू आणायला, फळा पुसायला तिलाच उठवलं, म्हणजे उठणं कामी तरी यावं. "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हटलं की सगळा वर्ग पुतळे व्हायचा आणि जुईचं बोट तोंडावरून नाकावर, नाकावरून शेजारणीच्या वेणीवर जायचं. शेजारणी बदलत गेल्या. कोणाची पेन्सिल मोडली, कोणाचा डबा सांडला. हळूहळू जुईशेजारी बसायला कोणी तयार होईना. मधल्या सुट्टीत ती मुलींच्या घोळक्याभोवती गोल गोल धावायची आणि घोळका तिला पाठ करून आणखी घट्ट व्हायचा. हे मी शाळेच्या फाटकाच्या गजांतून पाहिलंय. घरी येऊन मी नवरीच्या मेंदीत चुका केल्यात.

मग दिवाळीची सुट्टी संपली आणि एके संध्याकाळी नीलिमा फाटकाशी मला म्हणाली, "आता काळजी सोड. तुझ्या लेकीला मैत्रिणी मिळाल्यात. मी वर्गात 'सखी' सुरू केलंय. रोज एकजण तिची सखी." तिने माझा हात दाबला. मी तिथेच रडले असते, पण पोरं बघत होती.

त्याच संध्याकाळी मी एका बाईचे केस विंचरत होते. जुई दारातून आत आली, दप्तर फेकलं आणि म्हणाली, "आई, आज तनिष्कावर राज्य होतं."

राज्य! साधा शब्द हो, पण माझ्या कानात घुंगरं वाजली. ज्याच्यावर राज्य, त्याने इतरांना शोधायचं, पकडायचं, शिवायचं. सगळ्या खेळांत हेच असतं. म्हणजे माझी पोर खेळात होती. कोणीतरी हिला शोधलं, कोणीतरी हिच्यामागे धावलं! मी कंगवा टाकला, त्या बाईला तसंच केस मोकळे सोडून बसवलं आणि जुईला उचलून घेतलं. "घेतलं गं बाई माझ्या पोरीला खेळायला," असं म्हणत मी तिला घेऊन पार्लरभर नाचले. आरशात आम्ही दोघी चारदा दिसत होतो.

पुढे रोजचं झालं. मी विचारायची, "आज कुणावर राज्य?" ती सांगायची, श्रेयावर, हर्षदावर, पुन्हा तनिष्कावर. "तुझ्यावर येतच नाही का गं?" मी चेष्टेने विचारायची. ती नाही म्हणून मान हलवायची. मला वाटायचं, इतकी चपळ माझी लेक, हिला कोण पकडणार! त्याचाही मला अभिमान वाटायचा.

तो हिवाळा मला जसाच्या तसा आठवतो. मिठागरांत खाडीचं पाणी घ्यायला सुरुवात झाली होती, आणि सकाळी त्या चौकोनी खाचरांवर धुकं इतकं खाली यायचं की पलीकडचे नवे टॉवर तरंगत आहेत असं वाटायचं. वसईच्या बाजूला गेलं की घराघरावर नाताळच्या कागदी चांदण्या टांगलेल्या. माहेरून सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आली होती. ती मधासारखी चिकट फोड चघळत जुई अंगणात फिरायची. त्या दिवसांत मी नवऱ्याशी भांडले नाही, गिऱ्हाइकावर चिडले नाही. देवीच्या डोंगरावर जाऊन नारळ ठेवून आले. माणूस सुखात असला की त्याला वास जास्त येतात, असं मला तेव्हा कळलं. वालाच्या उसळीचा, ओल्या मिठाचा, जुईच्या घामेजलेल्या केसांचाही.

आणि माझ्या खुर्चीत तिच्या वर्गातल्या मुलींच्या आया यायच्या. डोळे मिटून, कातडी ताणून धरून बसायच्या. माझ्या दातांत दोरा, बोटांत दोरा. आयब्रो झाल्या की मी आपणहून सांगायची, जुई आता छान रमलीय हो. तनिष्काची आई म्हणायची, "हो ना, आमची तनिष्का घरी आली की जुईचंच नाव घेते." मी तिला त्या दिवशी अप्परलिप फुकट करून दिलं.

जुईचा वाढदिवस डिसेंबरातच, आणि त्या वर्षी तो रविवारी आला होता. तिने सगळ्या मुलींना बोलावलं होतं. आली एकटी तनिष्का, कारण तिचं घर आमच्याच आळीत. मी म्हटलं, गॅदरिंगचे दिवस आहेत, दमल्या असतील पोरी. फुगे लावले, बटाटेवडे तळले. जुईचा आनंद तर विचारूच नका. तनिष्काला हाताला धरून तिने सगळं घर दाखवलं, माळा दाखवला, मांजर दाखवलं, पुन्हा माळा दाखवला. मांजर परसात पळालं तशी जुई त्याच्यामागे पळाली, आणि तनिष्का माझ्याजवळ आली.

"काकू, मी घरी जाऊ?"

"अगं, केक कापायचाय अजून. बस ना थोडा वेळ जुईजवळ."

"पण काकू," ती अगदी शहाण्यासारखी म्हणाली, "रविवारी राज्य नसतं."

मला आधी हसू आलं. "कसलं राज्य गं?"

"जुईचं. काल माझ्यावर होतं. उद्या श्रेयावर आहे. जिच्यावर राज्य तिने जुईजवळ बसायचं, पाणी प्यायला तिचा हात धरून न्यायचं. जुई जागेवरून उठली तर आपण शिक्षा म्हणून उभं राहायचं. नाही उठली तर आपल्याला स्टार." मग जरा थांबून, मला वाईट वाटू नये म्हणून असेल, ती म्हणाली, "काल मी एकदाच उभी राहिले."

ती लबाडी करत नव्हती. वेळापत्रक सांगावं तसं सांगत होती. मी तिच्या हातात वडा दिला आणि तिला दारापर्यंत सोडलं. मग कढईखालचा गॅस बंद करून ओट्याला धरून उभी राहिले. कानात सगळ्या संध्याकाळी एकामागून एक वाजत होत्या. आज तनिष्कावर राज्य होतं. आज श्रेयावर. आज हर्षदावर. खेळ नव्हताच कुठला. माझी लेकच ते राज्य होती, एकीने दुसरीच्या डोक्यावर द्यायचं आणि शाळा सुटली की सुटलो म्हणायचं. आणि त्या बायका! माझ्या समोर मान मागे टाकून डोळे मिटून बसलेल्या, सगळ्यांना ठाऊक होतं. जुईचंच नाव घेते म्हणे. माझ्या दातांत दोरा होता तेव्हा, नाहीतर निदान विचारलं असतं, कसं घेते ते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी गेले. नीलिमा व्हरांड्यात बसून थर्माकोलच्या मुकुटाला चमकी लावत होती.

"मुलं त्याला राज्य म्हणतात, हे तुला ठाऊक होतं?"

तिने मुकुट खाली ठेवला. "तुला कोणी सांगितलं?"

"ठाऊक होतं का?"

"होतं. नाव त्यांनी ठेवलं, मी नाही."

"आणि जुई उठली की दुसरीने उभं राहायचं, हे?"

"ते माझं." ती सरळ माझ्याकडे बघून म्हणाली. "त्याशिवाय पोरी लक्ष देत नव्हत्या. रागावू नकोस, पण जुई बसायला लागली की नाही? वर्ग चालायला लागला की नाही? मला बाकीची पोरंही आहेत गं."

"तू मला सांगितलंस, तिला मैत्रिणी मिळाल्या."

"मग काय सांगायला हवं होतं? तू रोज फाटकाशी उभी, डोळ्यांत जीव आणून. सांगू तुला, की एकही पोरगी आपणहून तिच्याजवळ बसत नाही? तुझ्या तोंडावर सांगू?"

"हो, तोंडावर सांगायचंस. तू माझी मैत्रीण होतीस."

तिने मुकुट पुन्हा हातात घेतला. तिच्या बोटांना चमकी लागली होती आणि उन्हात ती नको इतकी चमकत होती. शेवटी म्हणाली, "उद्यापासून बंद करते." आणि तिने केलंही.

या गोष्टीवर मी खूप विचार केलाय. वर्ग भरून मुलं, त्यात एक वादळ, आणि बाई एकटी. तिने शोधलेला उपाय पुस्तकात कुठेतरी चांगल्या नावाने असेलही. मुलांना एकमेकांशी जोडून द्यावं, त्यातून जवळीक वाढते, असं डॉक्टरसुद्धा म्हणाले होते. जवळीक वाढतेही. पण ज्याच्या चुकीसाठी मला उभं राहावं लागतं, तो मला कसा आवडेल? हे तिसरीतल्या पोरीला विचारलं तरी ती सांगेल. मुलं क्रूर नसतात हो, ती फार अचूक असतात. मोठ्या माणसाने शिक्षेला सखी म्हटलं, मुलांनी तिला तिचं खरं नाव दिलं. नीलिमाची अडचण मला समजली. समजणं वेगळं आणि माफ करणं वेगळं. माफ मी अजून केलेलं नाही. नायगावच्या बाजारात ती समोरून आली की मी भाजीच्या जुड्या उलटसुलट करून बघते, घ्यायची नसली तरी.

गॅदरिंगला मेकअप माझाच ठरलेला होता. शब्द दिला होता, मोडला नाही. वर्गात पंखा बंद, पावडरचा धुरळा, ओळीने बसलेल्या त्याच सगळ्या मुली. मी एकेकीची हनुवटी धरून ओठ रंगवत होते, आणि माझ्या मनात काय काय येत होतं ते देवीलाच ठाऊक. हर्षदा ओठ न हलवता म्हणाली, "काकू, आज जुई धावणार नाही ना? आमचा डान्स खराब होईल." मी तिच्या गालाला रंग लावला. नीट लावला, दोन्हीकडे सारखा.

जुई धावली नाही. ओळीच्या टोकाला उभी राहून तिने प्रत्येक पाऊल बरोबर टाकलं. आया टाळ्या वाजवत होत्या. पण तिची नजर प्रेक्षकांत नव्हती, माझ्याकडे नव्हती. मी तिच्या नजरेमागे पाहिलं तर पडद्याआड नीलिमा उभी होती, तोंडावर बोट ठेवून. आख्खं गाणं संपेपर्यंत माझी लेक त्या बोटाकडे बघत नाचली. लोक म्हणाले, बघा, किती सुधारली. त्या रात्री तिच्या तोंडावरचा रंग काढताना मला एवढंच वाटत होतं की ही पोर उद्या उठून पुन्हा धावू दे. पुढच्या आठवड्यात ती धावली, आणि तिच्या शेजारची जागा वर्ष संपेपर्यंत रिकामी राहिली.

आता जुई आठवीत आहे. उंच झालीय, धावणं कमी झालंय. बसली की एक पाय मात्र शिलाई मशीन चालवल्यासारखा हलत असतो. तिला ऋतुजा नावाची एक मैत्रीण आहे. दोघी कडाकडा भांडतात, अबोला धरतात, पुन्हा एकमेकींच्या दारात उभ्या. त्यांचं भांडण ऐकलं की मला बरं वाटतं, कारण कोणी सांगितलं म्हणून कोणी अबोला धरत नाही.

परवा दुपारी माइकचा पहिला आवाज आला. पार्लरमध्ये कोणी नव्हतं. जुई माझ्या फिरत्या खुर्चीत बसून गोल गोल फिरत होती. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, ते त्या दिवशी तोंडातून निघून गेलं.

"जुई, तिसरीत ते राज्य... तुला ठाऊक होतं?"

"हो. टीचरने सगळ्यांसमोरच सांगितलं होतं ना वर्गात. मी काय बहिरी होते?" खुर्ची फिरतच होती.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. पहिल्याच दिवशी. मला रडायला येत होतं, म्हणून धावत आले आणि सांगितलं, आज तनिष्कावर राज्य होतं. तर तू मला उचलून नाचायलाच लागलीस." तिने पायाने आणखी एक रेटा दिला. "तू एवढी खुश झाली होतीस. मग मी नाही सांगितलं. मग रोज फक्त नाव सांगायचे. तुला आवडायचं ना."

जिच्या तोंडात तीळ भिजत नाही असं सगळा गाव म्हणायचा, तिने तो सगळा हिवाळा तोंड मिटून काढला होता. नीलिमाने मला फसवलं, त्या बायकांनी फसवलं, त्यांच्यावर मी इतकी वर्षं मनसोक्त रागावत आले. आता त्या वेळच्या आठ वर्षांच्या पोरीवर मी कशी रागावू? एरवी मी ओरडले असते, हळू फिर, खुर्ची मोडेल. त्या दिवशी मी तिला फिरू दिलं. ती फिरत होती, आणि आरशांतून दर फेरीला एकदा माझ्याकडे बघून घेत होती, मी रडतेय का ते. मी हसले.